एकशे दहा की दोनशे वीस?

१९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि रत्नागिरी-रायगडच्या खेड्यांतून माणसं आखातात जाऊ लागली. दोन-तीन वर्षांनी सुट्टीवर येताना त्यांच्या सामानात एक जपानी टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि कॅसेटप्लेअर एकत्र, हमखास असे. घरातली मुलं पुढच्या चकचकीत बटणांवर तुटून पडत, पण जाणतं माणूस आधी तो सेट उलटा करून बघे. पाठीमागे एक लहानशी गोल खाच असायची. त्यात नाणं किंवा स्क्रूड्रायव्हर अडकवून फिरवलं की बाण सरके, आणि बाणाभोवती चार आकडे कोरलेले असत : ११०, १२७, २२०, २४०. सौदी अरेबियातून आलेल्या सेटचा बाण बहुधा खालच्या आकड्यांवर असे. तो तसाच ठेवून इथल्या सॉकेटमध्ये पिन घातली, तर आतल्या ट्रान्सफॉर्मरवर जवळजवळ दुप्पट दाब, म्हणजे व्होल्टेज, येई. आधी तापलेल्या वार्निशचा वास, मग धूर, आणि दोन वर्षांच्या कमाईतून आणलेली वस्तू गाणं वाजवण्याआधीच गप्प.

खाचेभोवतीचे हे चार आकडे कारखानदाराने हौसेने कोरलेले नव्हते. प्रत्येकाच्या मागे एखादं शहर, एखादी वीज कंपनी आणि तिने पैशाकडे बघून घेतलेला एखादा निर्णय आहे. परदेशी संसार मांडणाऱ्या माणसाला या निर्णयांशी गेली शंभर वर्षं तडजोड करावी लागली आहे.

पहिला आकडा न्यूयॉर्कचा. ४ सप्टेंबर १८८२ रोजी मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला, पर्ल स्ट्रीटवर, थॉमस एडिसनचं वीजकेंद्र सुरू झालं. त्याच्या कार्बनच्या तारेच्या दिव्याला साधारण १०० व्होल्ट मानवत. केंद्रापासून घरापर्यंत जाताना तारेत थोडा दाब पडतो, म्हणून निघतानाच ११० च्या आसपास सोडायचा, असा तो साधा हिशेब. वीज एकदिश होती, रस्त्याखालून जाड तांब्याचे गज टाकलेले होते, आणि जवळपास मैलभराच्या पुढे ती पोचवणं परवडत नसे.

२२० चं श्रेय बर्लिनला द्यावं लागतं. बर्लिनच्या वीज कंपनीला १८९९ साली ग्राहक वाढवायचे होते, पण जमिनीखालच्या तारा अपुऱ्या पडत होत्या. दाब दुप्पट केला की तेवढ्याच विजेसाठी प्रवाह निम्मा लागतो आणि तारेतलं नुकसान चौथ्या हिश्श्यावर येतं. कंपनीने शहर २२० व्होल्टवर न्यायचं ठरवलं. ग्राहकांचे दिवे आणि मोटारी बदलून देण्याचा खर्च तिने सोसला, कारण तांब्यात वाचलेले पैसे तो खर्च भरून काढत होते. हळूहळू युरोपच्या बहुतेक भागाने तोच रस्ता धरला. अमेरिकेत मात्र तोवर लाखो दिवे ११० वर जळत होते आणि तिथल्या कंपन्यांनी घरं पुन्हा उलथीपालथी करण्याचं टाळलं. त्यांनी घरात तीन तारा आणल्या. मधली तार न्यूट्रल; बाकीच्या दोहोंपैकी कुठल्याही एकीपासून न्यूट्रलपर्यंत आजचे १२० व्होल्ट, आणि त्या दोहोंमध्ये २४०. दिवे, पंखे, टीव्ही १२० वर. भट्टी आणि कपडे वाळवायचं यंत्र २४० वर. अमेरिकन घरात दुसरा दाब भिंतीच्या आतच असतो, ही गोष्ट नव्याने तिथे गेलेल्या कित्येकांच्या वर्षानुवर्षं लक्षात येत नाही.

१२७ हा आकडा विचित्र वाटतो, पण त्यामागे निव्वळ भूमिती आहे. तीन फेजच्या व्यवस्थेत दोन फेजमध्ये २२० व्होल्ट असतील, तर एक फेज आणि न्यूट्रल यांच्यात त्याला तीनच्या वर्गमुळाने भागून १२७ उरतात. सौदी अरेबियाने ही पद्धत घेतली, तीही अमेरिकेसारख्या ६० हर्ट्झवर. त्यामुळे एकाच खोलीत रेडिओचं सॉकेट १२७ चं आणि एसीचं २२० चं, असा प्रकार तिथे वर्षानुवर्षं चालला. २०१० मध्ये सरकारने तो मोडून २३०/४०० वर जायचं ठरवलं आणि त्यासाठी मुदत धरली पंचवीस वर्षांची. अख्ख्या देशाचा व्होल्टेज बदलायला एक पिढी लागते.

२४० म्हणजे ब्रिटन, आणि ब्रिटिशांचा वावर होता तिथले कुवेत, मलाया, ऑस्ट्रेलिया वगैरे प्रदेश. पण खुद्द ब्रिटनमध्ये सुरुवातीला काय सावळागोंधळ होता, ते बघण्यासारखं आहे. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा एकट्या लंडनमध्ये सत्तर वीजसंस्था होत्या, त्यांच्या दहा वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी आणि चोवीस वेगवेगळे व्होल्टेज. बिऱ्हाड एका मोहल्ल्यातून दुसऱ्यात हलवायचं म्हणजे विजेच्या बाबतीत परदेशीच जाणं. १९२६ च्या कायद्याने राष्ट्रीय ग्रिडचा पाया घातला आणि मग हळूहळू ही भाऊबंदकी मिटली. पुढे १९८३ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाने २२० आणि २४० यांच्या मधला २३० हा आकडा सुचवला. ब्रिटनने तो १९९५ पासून कागदावर घेतला, पण २३० च्या वर दहा टक्के आणि खाली सहा टक्के एवढी सूट ठेवून. म्हणजे २१६ पासून २५३ पर्यंत काहीही नियमात बसतं. तारा त्याच राहिल्या, रोहित्रं तीच राहिली, आणि लंडनच्या घरातला मीटर पूर्वीसारखाच २४० च्या आसपास दाखवत राहिला. जर्मनीत २२० साठी बनलेला जुना दिवा लंडनमध्ये लवकर का जातो, त्याचं उत्तर या सवलतीत आहे.

आता ती खाच कोरणाऱ्या देशाकडे वळायला हवं, कारण दोन विजांचा संसार जपानइतका दुसऱ्या कुणी केला नसेल. टोकियोच्या वीज कंपनीने १८९५ मध्ये जर्मनीच्या एईजीकडून जनित्रं आणली, ती ५० हर्ट्झची. लगोलग ओसाकाच्या कंपनीने अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून आणली, ती ६० हर्ट्झची. दोन शहरं, दोन विक्रेते, दोन ऑर्डरी. सव्वाशे वर्षं उलटली तरी देशाचे विजेच्या दृष्टीने दोन तुकडे आहेत. सीमा ढोबळमानाने फुजी नदी आणि जपानी समुद्राकाठचं इतोइगावा यांच्यामधून जाते. व्होल्टेज दोन्हीकडे १०० च आहे, पण पूर्वी ओसाकाचं वॉशिंग मशिन टोकियोत नेलं की त्याची मोटार मंद फिरे, आणि जुन्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर वाजवीपेक्षा जास्त तापे. बदली झालेल्या कुटुंबाला कुठलं यंत्र न्यायचं आणि कुठलं विकायचं, याची यादी करावी लागे. मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर टोकियो अंधारलं, तेव्हा पश्चिमेकडे वीज शिल्लक असूनही ती मोठ्या प्रमाणात देता आली नाही. दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या परिवर्तन केंद्रांची एकूण क्षमता फक्त १००० मेगावॅट होती; त्यातलं सगळ्यात जुनं, साकुमाचं, १९६५ सालचं. मायदेशातच दोन तऱ्हेच्या विजेला सांभाळून घेणाऱ्या कारखान्यांनी जगासाठी चार आकड्यांची खाच केली, यात नवल नाही.

हे सगळं रोजच्या, शिस्तीतल्या दाबाबद्दल झालं. यंत्राचा जीव मात्र अनेकदा शिस्त सोडलेल्या एका क्षणात जातो.

मराठीत आभाळातली वीज आणि तारेतली वीज यांना एकच शब्द आहे. वळवाचा पाऊस भरून आला, दूरवर गडगडलं की घरातलं वडीलधारं माणूस ओरडे, ‘टीव्हीची पिन काढा, अँटेनाची वायर काढा!’ कौलांवर उभ्या असलेल्या त्या अॅल्युमिनियमच्या अँटेनाने हा रिवाज घरोघर पोचवला. १७५३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला गेओर्ग रिखमान हा शास्त्रज्ञ घरात आणलेल्या लोखंडी सळईपाशी वादळाचं मोजमाप करत असताना मेला. त्या काळापासून आभाळातली वीज घरात येऊ न देण्याच्या युक्त्या माणूस शोधतो आहे. तारायंत्रांच्या तारांना ठिणगीफटी बसवल्या गेल्या, म्हणजे दाब चढला की वीज फट ओलांडून जमिनीत जावी. १९२२ मध्ये चार्ल्स स्टाइनमेट्झने अमेरिकेत स्केनेक्टडीच्या प्रयोगशाळेत कृत्रिम वीज पाडून ट्रान्समिशन लाइनची संरक्षक साधनं तपासली. पण हे सगळं खांबांपर्यंत आणि सबस्टेशनपर्यंत. घराच्या आत काय घडतं, ते मोजायची गरज बराच काळ कुणाला वाटली नाही. रेडिओतल्या काचेच्या व्हॉल्व्हना क्षणभराचा धक्का फारसा लागत नसे. ट्रान्झिस्टर आला आणि ती सहनशक्ती संपली. केसाहून बारीक असलेला सिलिकॉनचा जोड काही मायक्रोसेकंदांत भाजून निघतो.

घरातल्या या धक्क्यांचा माग काढण्याचं श्रेय जनरल इलेक्ट्रिकमधल्या फ्रान्स्वा मार्टझ्लॉफ या अभियंत्याला जातं. हे काम आज फारसं कुणाला ठाऊक नाही, हे खरोखर वाईट वाटण्यासारखं आहे. कंपनीची विजेवर चालणारी भिंतीवरची घड्याळं ग्राहकांच्या घरी बंद पडत होती. मार्टझ्लॉफ आणि त्याचा सहकारी हान यांनी साध्यासुध्या घरांत नोंदयंत्रं लावली आणि १९७० मध्ये निष्कर्ष छापले. वादळं तर सापडलीच, पण काही घरांत दोन-अडीच हजार व्होल्टच्या सुया, म्हणजे क्षणिक उसळ्या, रोजच्या रोज उमटत होत्या, आभाळ स्वच्छ असतानाही. एका घरात त्यांचा उगम तळघरातल्या तेलाच्या भट्टीत निघाला. भट्टी पेटवण्याची ठिणगी पडे तेव्हा धक्का घरभर जाई. चोर घरातच होता. घड्याळाच्या मोटारीचं इन्सुलेशन दोन हजार व्होल्टऐवजी सहा हजार सोसेल असं केल्यावर तिच्या बंद पडण्याचं प्रमाण शंभरातून एकावर आलं. आज फ्रिजचा कॉम्प्रेसर, पाण्याचा पंप, लिफ्ट यांच्यापासून येणाऱ्या धक्क्यांबद्दल जे सांगितलं जातं, त्याची सुरुवात त्या भिंतीवरच्या घड्याळापासून झाली.

रोगाचं निदान होत होतं, त्याच सुमाराला औषध जपानमध्ये तयार झालं. मात्सुशिताच्या प्रयोगशाळेत मिचिओ मात्सुओकाने जस्ताच्या ऑक्साइडमध्ये बिस्मथसारखे थोडे पदार्थ मिसळून, भाजून एक चकती बनवली. १९६८ मध्ये ती बाजारात आली आणि काही वर्षांत जनरल इलेक्ट्रिकने तिचा परवाना घेतला. दिसायला ही चकती रुपयाच्या नाण्याएवढी, बहुधा निळी, दोन पायांची. तिच्या आत असंख्य बारीक कण एकमेकांना चिकटून बसलेले असतात आणि कणाकणांमधली प्रत्येक शीव सुमारे तीन व्होल्ट अडवून धरते. चकती जितकी जाड तितक्या शिवा जास्त, आणि तितका जास्त दाब ती मुकाट्याने सोसते. त्यापलीकडे दाब गेला की सगळ्या शिवा एकदम वाट देतात आणि धक्का यंत्राऐवजी चकतीतून निघून जातो. दर धक्क्याला ती थोडी झिजते. १९८० च्या दशकात घरोघर संगणक आले, तेव्हा सॉकेटांच्या पट्टीत ही चकती बसवून विकण्याचा धंदा अमेरिकेत फोफावला, आणि १९८५ मध्ये तिथे तिच्यासाठी सुरक्षेचं वेगळं मानकही निघालं.

परदेशाशी तिचा संबंध इथे येतो, आणि तो नीट समजून घ्यावा असा आहे. अमेरिकेत विकत घेतलेल्या पट्टीतली चकती १२० व्होल्टसाठी मापलेली असते. साधारण २०० ते २४० व्होल्टला ती वाट द्यायला लागते. भारतातल्या २३० व्होल्टच्या विजेचं प्रत्येक आवर्तन ३२५ व्होल्टपर्यंत चढतं. अमेरिकेतून परतलेल्या कुटुंबाने ती पट्टी पिन बदलणारा अॅडॅप्टर लावून मुंबईच्या किंवा पुण्याच्या सॉकेटमध्ये घातली, तर चकतीला प्रत्येक अर्धं आवर्तन हा धक्काच वाटतो. सेकंदाला शंभर वेळा. ती तापते, फुटते, आणि प्लास्टिकही पेटवू शकते. अॅडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, दाब बदलत नाही, हे सांगावं तितकं थोडं आहे. उलट दिशेने धूर निघत नाही, पण उपयोगही होत नाही. भारतातली अशीच पट्टी, म्हणजे स्पाइक गार्ड, अमेरिकेत नेली, तर त्यातली जाड चकती सहाशे-सातशे व्होल्टपर्यंतचा धक्का सरळ पुढे जाऊ देते. जिथे राहायचं तिथलीच पट्टी घ्यावी, असं अनुभवी लोक सांगतात, ते या गणितामुळे.

भारतातलं दुखणं वेगळं होतं आणि त्याचा इलाजही वेगळा निघाला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. संध्याकाळी कार्यक्रमांची वेळ झाली की व्होल्टेज पडे आणि चित्र चारी बाजूंनी आक्रसून मधोमध येई. १९८२ च्या आशियाई स्पर्धांबरोबर रंगीत संच आले, आणि टीव्हीच्या दुकानात संचासोबत स्टॅबिलायझरही बिलात धरला जाऊ लागला. कोचौसेफ चिट्टिलाप्पिल्ली यांनी १९७७ मध्ये कोचीला वडिलांकडून एक लाख रुपये घेऊन व्ही-गार्ड सुरू केली, ती याच एका वस्तूवर. फ्रिजच्या डोक्यावर किंवा टीव्हीच्या खालच्या फळीवर तो जाळीदार डबा असे, त्याच्या काचेत काटा हले, आणि व्होल्टेज चढलं-उतरलं की आतून ‘टक्’ असा रिलेचा आवाज येई. त्या आवाजावरून शेजारी मोटार लागली, हे घरच्यांना कळे. स्टॅबिलायझर सावकाश चढउतार सांभाळतो, मायक्रोसेकंदाची सुई त्याच्या हाती लागत नाही. निळी चकती सुई पकडते, सावकाश चढलेला दाब तिला मारतो. डीपीवर न्यूट्रल तुटला आणि घरात २३० च्या जागी साडेतीनशे-चारशे व्होल्ट आले, तर एकट्या चकतीच्या भरवशावर राहणं धोक्याचं. अशा वेळी वीज सरळ तोडणारं साधनच लागतं. अमेरिकेतही न्यूट्रल सैल झाला की एका बाजूचे दिवे भगभगतात आणि दुसरीकडचे मंदावतात. तिथल्या मराठी घरांना हे दृश्य नवं असलं, तरी कारण ओळखीचं आहे.

मिक्सरची कथा या सगळ्यात थोडी वेगळी आहे. मुंबईत सीमेन्समध्ये काम करणाऱ्या सत्यप्रकाश माथुरांच्या घरचा परदेशी ब्रॉन मिक्सर भारतीय वाटणाघाटणापुढे टिकला नाही, आणि त्यातून १९६३ मध्ये ‘सुमीत’ जन्माला आला. ओलं खोबरं आणि भिजवलेली डाळ वाटणारा मिक्सर बाहेर कुठे मिळत नाही म्हणून अमेरिकेला निघालेली कुटुंबं तो बॅगेत घालत. २३० व्होल्टचा मिक्सर १२० वर फिरतो खरा, पण ताकद जेमतेम चौथाई उरते आणि चटणी भरडच राहते. मग काही किलो वजनाचा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर ओट्याच्या कोपऱ्यात येई, वाटण चालू असेपर्यंत गुणगुणत राही. भारतीय कंपन्यांनी परदेशासाठी खास ११० व्होल्टचे मिक्सर काढले, तेव्हा त्या ट्रान्सफॉर्मरपासून सुटका झाली. तोच ११० चा मिक्सर परतताना बरोबर आणला आणि इथे थेट लावला, तर कार्बन ब्रशमधून निळ्या ठिणग्या उडतात आणि आर्मेचर जळतो.

बाणाच्या खाचेचा शेवट संगणकाने केला. सुरुवातीच्या संगणकांच्या पाठीवर एक लाल खटका असे, ११५ आणि २३० असा. अमेरिकेतून आणलेला संगणक खटका न सरकवता इथे चालू केला की आतले कपॅसिटर फटाक्यासारखे वाजत. पुढे युरोपने २००१ पासून पॉवर सप्लायने वीज कशी ओढावी यावर बंधनं घातली. त्यासाठी बसवलेल्या नव्या सर्किटला कुठल्याही दाबावर काम करता येत होतं, त्यामुळे खटका अनावश्यक ठरला. आज लॅपटॉपच्या चार्जरवर बारीक अक्षरांत १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं छापलेलं असतं. न्यूयॉर्क, बर्लिन, लंडन, टोकियो आणि ओसाका या पाचही शहरांची भांडणं त्या एका ओळीत मिटली आहेत. पण ही ओळ फक्त रोजच्या दाबाबद्दल बोलते. एलईडी दिवा, वाय-फायचा डबा, फ्रिजचा इन्व्हर्टर बोर्ड अशा घरभर पसरलेल्या नाजूक सिलिकॉनकडे बघून अमेरिकेच्या २०२० च्या वायरिंग संहितेने नव्या घरांच्या मुख्य पॅनेलवरच सर्ज संरक्षण, म्हणजे अशा धक्क्यांपासूनचं संरक्षण, सक्तीचं केलं.

मार्टझ्लॉफच्या पाहणीतून आणखी एक गोष्ट पुढे आली होती. घरातल्या वायरिंगमध्ये सहा हजार व्होल्टच्या वर धक्का क्वचितच टिकतो, कारण तेवढ्या दाबाला सॉकेटच्या आत, दोन पट्ट्यांमध्येच ठिणगी पडते आणि तो तिथेच विरतो. सॉकेटबाहेर, कोरड्या हवेत, एक सेंटिमीटर फट ओलांडायला साधारण तीस हजार व्होल्ट लागतात. वैशाखात आभाळ गडगडताच कोकणातली आजी पिन ओढून काढते आणि वायरचं टोक सॉकेटपासून वीतभर लांब, टेबलावर ठेवते.